नाव नसलेला पहिला वाचक

पुस्तक हाती घेतले की आपण प्रथम त्याचे नाव पाहतो, मग लेखकाचे. मुखपृष्ठ कोणी काढले, छपाई कोठे झाली, हेही आतल्या पानावर सापडते. पण हे हस्तलिखित छापण्याजोगे आहे असे प्रथम कोणाला वाटले, त्यातले एक प्रकरण कोणी गाळायला लावले, शेवट पुन्हा कोणी लिहून घेतला, याचा उल्लेख बहुधा कोठेच नसतो. हे काम करणारी व्यक्ती म्हणजे ग्रंथसंपादक.

मराठीत 'संपादक' म्हटले की वृत्तपत्राचा किंवा मासिकाचा संपादक डोळ्यांसमोर येतो. तरीही मौज प्रकाशनाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची नावे मराठी वाचक आदराने घेतात, ती त्यांनी स्वतः लिहिलेल्या पुस्तकांपेक्षा इतरांच्या पुस्तकांवर घेतलेल्या मेहनतीमुळे. लेखकाच्या हस्तलिखितातले चांगले ते ओळखायचे, कच्चे ते लेखकाकडूनच पक्के करून घ्यायचे आणि आपण बाजूला व्हायचे, असे हे काम आहे.

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांच्या ग्रंथसंपादकावर याखेरीज आणखी एक भार असतो. लेखकाने जे जग कल्पिले आहे ते त्याच्याच नियमांनी चालते की नाही, हे त्याला पाहावे लागते. हे काम कसे चालते, ते समजून घेण्यासाठी अमेरिकेतील एका संपादिकेची कारकीर्द आम्ही येथे निवडली आहे. त्यांचे नाव जूडी-लिन डेल रे. (१९४३–१९८६)

हस्तलिखित ते पुस्तक

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. मोठ्या प्रकाशनसंस्थेत दररोज टपालाने हस्तलिखिते येऊन पडतात. काही नामवंत लेखकांची किंवा त्यांच्या प्रतिनिधींमार्फत आलेली, तर पुष्कळशी कोणीही न मागवलेली. त्यांतली बहुतेक परत जातात. संपादकाचे पहिले काम निवडीचे. येथे तो समीक्षक नसतो. 'हे चांगले आहे का?' या प्रश्नाबरोबर 'हे कोण वाचेल, आणि ते वाचणारे किती असतील?' हा प्रश्नही त्याला सोडवावा लागतो. पुस्तक घ्यायचे ठरले की लेखकाला आगाऊ किती रक्कम द्यायची, पहिल्या आवृत्तीच्या किती प्रती काढायच्या, किंमत काय ठेवायची, याचा हिशेब मांडून तो वरिष्ठांना पटवून द्यावा लागतो.

दुसरे काम संपादनाचे. त्याचेही थर आहेत. सर्वांत वरचा थर रचनेचा : कथा कोठे सुरू होते, मध्येच रेंगाळते का, पात्रे जे करतात ते त्यांच्या स्वभावाला धरून आहे का. त्याखालचा थर वाक्यांचा. सर्वांत शेवटी शब्द, विरामचिन्हे, नावे, तारखा आणि आकडे यांची तपासणी होते. ती बहुधा वेगळा माणूस करतो.

तिसरे काम पुस्तक वाचकापर्यंत नेण्याचे. मुखपृष्ठावर कोणते चित्र हवे, मलपृष्ठावर कोणता मजकूर हवा, पुस्तक कोणत्या महिन्यात आणावे, विक्रेत्यांना त्याची ओळख दोन वाक्यांत कशी करून द्यावी, हे सारे संपादकच ठरवतो किंवा ठरवून घेतो. ज्याला आपले पुस्तक दोन वाक्यांत सांगता येत नाही, त्याला ते विकताही येत नाही.

मासिकातील उमेदवारी

अमेरिकेत विज्ञानकथा प्रथम रुजली ती मासिकांत. जॉन कॅम्पबेल हे भौतिकशास्त्राचे पदवीधर १९३७ च्या अखेरीस 'अस्टाउंडिंग' या मासिकाचे संपादक झाले आणि १९७१ साली मृत्यू येईपर्यंत त्या जागी राहिले. मधल्या काळात मासिकाचे नाव 'अ‍ॅनलॉग' झाले. आयझॅक असिमॉव्ह यांचे यंत्रमानवांविषयीचे तीन प्रसिद्ध नियम या दोघांच्या चर्चेतून आकाराला आले. असिमॉव्ह त्याचे श्रेय कॅम्पबेल यांना देत. कॅम्पबेल म्हणत की हे नियम असिमॉव्ह यांच्या कथांत होतेच, आपण ते फक्त बाहेर काढले. संपादकाच्या कामाचे याहून नेमके वर्णन करणे अवघड आहे.

पुस्तकांच्या क्षेत्रात ही वाट डोनाल्ड वॉलहाइम यांच्यासारख्यांनी पाडली. १९४३ मध्ये त्यांनी स्वस्त, कागदी बांधणीचा एक विज्ञानकथासंग्रह संपादित केला. पुढे एस या प्रकाशनसंस्थेत असताना फिलिप डिक यांची पहिली कादंबरी त्यांनी १९५५ साली काढली. १९७१ मध्ये त्यांनी स्वतःच्या आद्याक्षरांवरून 'डॉ' ही केवळ विज्ञानकथा आणि अद्भुतकथा काढणारी संस्था सुरू केली.

जूडी-लिन बेंजामिन यांचा जन्म न्यूयॉर्कमध्ये २६ जानेवारी १९४३ रोजी झाला. जन्मतः त्यांना 'एकाँड्रोप्लेशिया' हा विकार होता. यात हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेचे हाडात रूपांतर नीट होत नाही. त्यामुळे हातपाय आखूड राहतात आणि उंची खुंटते. बुद्धीवर त्याचा परिणाम होत नाही. हा विकार एफजीएफआर-३ या एका जनुकातील बदलामुळे होतो, हे १९९४ मध्ये स्पष्ट झाले. जूडी-लिन त्या वेळी हयात नव्हत्या. ठेंगण्या व्यक्तीला पाहून लोक काय ठरवून टाकतात याचा अनुभव त्यांना लहानपणापासून आला असणार. मात्र त्यांच्याबरोबर काम केलेल्यांनी ज्या आठवणी लिहिल्या आहेत, त्यांत दया कोठेही नाही. आहे तो त्यांच्या तल्लख बुद्धीचा, तिखट जिभेचा आणि कामाच्या झपाट्याचा आदर, आणि थोडा धाकही.

हंटर कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या आणि १९६५ मध्ये 'गॅलक्सी' या विज्ञानकथा-मासिकात संपादकीय साहाय्यक म्हणून लागल्या. तेथे संपादक होते लेखक फ्रेडरिक पोल. हे काम अगदी खालच्या पायरीचे : आलेली हस्तलिखिते वाचणे, प्रुफे तपासणे, चित्रकारांकडून वेळेवर चित्रे मिळवणे, छापखान्याशी बोलणे. मासिकाची तारीख टळत नाही, त्यामुळे निर्णय लवकर घेण्याची सवय येथे लागते. काही वर्षांतच त्या मासिकाच्या व्यवस्थापकीय संपादक झाल्या. १९७१ मध्ये त्यांनी लेखक आणि संपादक लेस्टर डेल रे यांच्याशी विवाह केला.

संपादक लेखकाला विषय कसा देतो, याचे एक उदाहरण याच काळातले आहे. असिमॉव्ह यांच्या कथांतील बहुतेक सर्व यंत्रमानव पुरुषी होते. स्त्रीरूपी यंत्रमानव का नाही, असे जूडी-लिन यांनी त्यांना विचारले. असिमॉव्ह यांनी तशी कथा लिहिली, पण १९६९ मध्ये ती दुसऱ्याच मासिकाला दिली. आपण सुचवलेली कथा आपल्याला मिळाली नाही म्हणून जूडी-लिन यांनी त्यांना चांगलेच फैलावर घेतले, असे असिमॉव्ह यांनीच लिहून ठेवले आहे. पुढे त्यांनी एका नियोजित संग्रहासाठी यंत्रमानवाची एक दीर्घकथा लिहिली. तो संग्रह काही निघाला नाही. या वेळी मात्र जूडी-लिन यांनी ती कथा हातची जाऊ दिली नाही. ती त्यांनी 'स्टेलर' या आपल्या कथासंग्रहमालेच्या दुसऱ्या भागात १९७६ साली छापली. माणूस म्हणून मान्यता मिळावी यासाठी दोनशे वर्षे झगडणाऱ्या यंत्रमानवाची ती कथा म्हणजे 'द बायसेंटेनिअल मॅन'. ह्यूगो आणि नेब्युला हे या क्षेत्रातले दोन्ही मोठे पुरस्कार तिला मिळाले.

स्वस्त पुस्तकाचे गणित

१९७३ मध्ये जूडी-लिन बॅलंटाइन बुक्स या प्रकाशनसंस्थेत ग्रंथसंपादक म्हणून गेल्या. ही संस्था इयन आणि बेटी बॅलंटाइन या दांपत्याने १९५२ मध्ये स्थापली होती. रे ब्रॅडबरी आणि आर्थर क्लार्क यांच्या गाजलेल्या कादंबऱ्या तिने १९५३ मध्येच काढल्या होत्या. १९७३ मध्येच रँडम हाउस या मोठ्या संस्थेने ती विकत घेतली.

बॅलंटाइनचा मुख्य व्यवसाय खिशात मावणाऱ्या, कागदी बांधणीच्या स्वस्त पुस्तकांचा होता. या पुस्तकांचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. ती पुस्तकांच्या दुकानांबरोबरच औषधांच्या दुकानांत, किराणा बाजारात आणि स्थानकांवरही मासिकांप्रमाणे मांडली जात. न खपलेली प्रत परत घेणे प्रकाशकावर बंधनकारक असे. परंतु स्वस्त पुस्तक परत पाठवण्याचा खर्च त्याच्या किमतीला परवडत नसे. म्हणून दुकानदार मुखपृष्ठ फाडून तेवढेच परत पाठवी आणि पुस्तक रद्दीत टाकी. याचा अर्थ असा की जास्त छापलेली प्रत्येक प्रत म्हणजे निव्वळ तोटा. आणि कमी छापल्या, तर मागणी असताना फळी रिकामी. पहिल्या आवृत्तीचा आकडा ठरवणे हा असा दोन्ही बाजूंनी धोक्याचा निर्णय होता. त्याला जबाबदार असे संपादक.

जूडी-लिन यांनी सुरुवातीलाच घेतलेले काही निर्णय बोलके आहेत. स्त्रियांना गुलाम म्हणून रंगवणाऱ्या जॉन नॉर्मन यांच्या 'गॉर' कादंबऱ्या बॅलंटाइनकडून निघत. त्यांना वाचकवर्ग होता. जूडी-लिन यांनी त्या बंद केल्या. मग त्या वॉलहाइम यांच्या संस्थेकडून निघू लागल्या. दुसरीकडे जुन्या मासिकांत गाडल्या गेलेल्या चांगल्या कथा शोधून एकेका लेखकाच्या निवडक कथांचे खंड त्यांनी काढले. नव्या वाचकाला या साहित्याचा इतिहास हाताशी मिळावा, असा त्यामागे विचार होता.

सर्वांत गाजलेला निर्णय एका चित्रपटाविषयीचा. जॉर्ज ल्यूकस नावाचा तरुण दिग्दर्शक अंतराळातील साहसाचा एक चित्रपट काढत होता. विज्ञानपट चालत नाहीत, असे त्या वेळी चित्रपटधंद्यात मानले जाई. बॅलंटाइनने त्याच्या कादंबरीरूपाचे हक्क घेतले आणि चित्रपट पडद्यावर येण्याच्या कित्येक महिने आधी, १९७६ च्या अखेरीस, पुस्तक बाजारात आणले. त्यावर नाव ल्यूकस यांचे होते, लिहिले होते अ‍ॅलन डीन फॉस्टर यांनी. 'स्टार वॉर्स' हा चित्रपट मे १९७७ मध्ये प्रदर्शित झाला आणि पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. यात दैवाचा भाग होताच. पण पुस्तक आधीच तयार ठेवण्याचा निर्णय दैवाने घेतला नव्हता.

एका घरातले दोन संपादक

१९७७ मध्ये बॅलंटाइनने या विभागाला 'डेल रे बुक्स' हे स्वतंत्र नाव दिले. विज्ञानकथांची बाजू जूडी-लिन पाहत आणि अद्भुतकथांची लेस्टर. लेस्टर १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून लिहीत आले होते. या शिक्क्याचे पहिलेच पुस्तक अद्भुतकथेचे होते : टेरी ब्रुक्स या नवख्या लेखकाचे 'द सोर्ड ऑफ शनारा'.

त्याची पार्श्वभूमी अशी. टॉल्कीन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची अधिकृत स्वस्त आवृत्ती बॅलंटाइननेच १९६५ मध्ये अमेरिकेत काढली होती आणि विद्यार्थ्यांनी ती उचलून धरली होती. यानंतर काय वाचायचे, असे विचारणारा मोठा वाचकवर्ग तयार झाला आहे, पण त्याच्यासाठी नवे कोणी लिहीत नाही, असा लेस्टर यांचा अंदाज होता. ब्रुक्स यांचे हस्तलिखित त्यांनी घेतले, त्यांच्याकडून ते बरेच दुरुस्त करून घेतले आणि पुस्तक खपाच्या यादीत जाऊन बसले.

खरी गोष्ट पुढची आहे. ब्रुक्स यांनी उत्साहाने दुसरे पुस्तक लिहायला घेतले आणि बराच मजकूर तयार झाल्यावर तो लेस्टर यांना पाठवला. लेस्टर यांनी तो वाचून हे बाजूला ठेवा आणि नव्याने सुरुवात करा असे सांगितले. कोठे काय बिघडले आहे, हेही तपशिलाने लिहून कळवले. पहिले पुस्तक तुफान खपलेले असताना दुसरे कसेही खपले असते. तरी तो मजकूर बाजूला पडला आणि ब्रुक्स यांचे दुसरे पुस्तक १९८२ मध्ये निघाले. त्या नकारातून आपण लिहायला शिकलो, असे ब्रुक्स यांनी पुढे सांगितले आहे.

विज्ञानकथेच्या बाजूला १९७८ मध्ये अ‍ॅन मॅकॅफ्री यांची 'द व्हाइट ड्रॅगन' ही कादंबरी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या खपाच्या यादीत आली. पक्क्या बांधणीचे विज्ञानकथेचे पुस्तक तेथे पोचण्याची घटना त्या काळी दुर्मीळ होती. क्लार्क यांची '२०१० : ओडिसी टू' ही कादंबरीही १९८२ मध्ये डेल रे बुक्सनेच काढली.

विज्ञान कोणी तपासायचे?

आता शिक्षकांच्या जिव्हाळ्याच्या प्रश्नाकडे वळू. विज्ञानकथेतले विज्ञान चुकले तर जबाबदारी कोणाची?

जूडी-लिन बॅलंटाइनमध्ये येण्यापूर्वीचे, १९७० चे उदाहरण पाहा. लॅरी निव्हन यांच्या 'रिंगवर्ल्ड' या कादंबरीच्या आरंभी नायक आपला वाढदिवस लांबवण्यासाठी क्षणात एका शहरातून दुसऱ्या शहरात जातो आणि मध्यरात्रीला चकवत राहतो. पहिल्या छपाईत तो पूर्वेकडे जातो. आता मुंबईत मध्यरात्र झाली असताना लंडनमध्ये त्याच तारखेची संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, आणि टोकियोत दुसऱ्या दिवसाची पहाट होऊ घातलेली असते. म्हणजे वाढदिवस लांबवायचा तर पश्चिमेकडे जायला हवे. ही चूक लेखकाच्या, संपादकाच्या आणि मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटली, वाचकांनी पकडली आणि पुढच्या छपाईत सुधारली गेली. पहिल्या छपाईच्या प्रती आज संग्राहक शोधत असतात.

त्याच कादंबरीतली दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती, पृथ्वीच्या कक्षेएवढ्या त्रिज्येचे एक अखंड कडे कोणीतरी बांधले आहे आणि त्याच्या आतल्या बाजूवर लोक राहतात, अशी कल्पना आहे. कडे स्वतःभोवती फिरते, त्यामुळे राहणाऱ्यांना वजन जाणवते. वेग सेकंदाला सुमारे १,२०० किलोमीटर. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने, म्हणजे १५ कोटी किलोमीटरने, भागले तर उत्तर सुमारे ९.६ मीटर प्रतिसेकंद वर्ग येते. ते पृथ्वीवरील गुरुत्वत्वरणाच्या अगदी जवळ आहे. म्हणजे हा हिशेब बरोबर आहे.

पण १९७१ च्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी 'रिंगवर्ल्ड अस्थिर आहे' अशा घोषणा दिल्या. त्यांचे म्हणणे खरे होते. तारा कड्याच्या नेमक्या मध्यावर असेल तर सर्व बाजूंचे आकर्षण एकमेकांना छेदते. कडे जरासे एका बाजूला सरकले, तर ताऱ्याजवळ आलेली बाजू अधिक जोराने ओढली जाते आणि आणखी जवळ येते. बोटावर उभी केलेली काठी कलली की कलतच जाते, तसा हा अस्थिर समतोल आहे. शनीचे कडे एकसंध घन असू शकत नाही, ते असंख्य सुट्या कणांचेच असले पाहिजे, हे मॅक्सवेल यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवले ते याच स्वरूपाच्या युक्तिवादाने. निव्हन यांनी १९८० मध्ये 'रिंगवर्ल्ड'चा पुढचा भाग लिहिला. त्यात कडे जागेवर ठेवणारी इंजिने आली, आणि ती इंजिनेच कथेचा गाभा झाली. वाचकांचा आक्षेप असा नव्या पुस्तकाला कारण ठरला.

दुसरे उदाहरण डेल रे बुक्सच्या काळातले आहे. रॉबर्ट फॉरवर्ड हे गुरुत्वीय लहरींवर काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ. न्यूट्रॉन ताऱ्यावर सजीव असतील तर, ही कल्पना त्यांनी कादंबरीसाठी घेतली. अर्ध्या सूर्याएवढे वस्तुमान २० किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात कोंबलेले. पृष्ठभागावरचे गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे ६,७०० कोटी पट. (विद्यार्थ्यांनी हा आकडा जरूर काढून पाहावा.) तेथील जीव तिळाएवढे, पण वजनाने माणसाएवढे. त्यांच्या शरीरातील क्रिया रासायनिक नसून अणुकेंद्रकीय. अशा क्रिया अतिशय जलद होतात, म्हणून त्यांचे आयुष्य आपल्यापेक्षा सुमारे दहा लाख पट वेगाने चालते. आपला एक दिवस म्हणजे त्यांची जवळजवळ २,७०० वर्षे.

विज्ञान निर्दोष होते. तरी प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले. पुन्हा लिहा असे अनेकांनी सांगितले. पण कसे, ते कोणी सांगितले नाही. लेस्टर डेल रे यांनी ते सविस्तर सांगितले. फॉरवर्ड यांनी कादंबरी दोनदा नव्याने लिहिली आणि १९८० मध्ये ती 'ड्रॅगन्स एग' या नावाने निघाली. आज ती विज्ञानाला काटेकोरपणे धरून लिहिलेल्या कादंबऱ्यांचा नमुना मानली जाते. भौतिकशास्त्रज्ञाला त्याचे विज्ञान कथेत कसे उतरवायचे, हे ज्याने शिकवले त्याच्याकडे कोणतीही पदवी नव्हती.

याच्या उलट कॅम्पबेल पाहा. ते भौतिकशास्त्राचे पदवीधर. पण १९५० मध्ये 'डायनेटिक्स' या निराधार मानसोपचाराला त्यांनी आपल्या मासिकातून मोठी प्रसिद्धी दिली आणि १९६० मध्ये न्यूटनचा तिसरा नियम मोडणाऱ्या एका यंत्राचीही. तेव्हा संपादकाची पदवी कोणती, यापेक्षा 'हे कशावरून?' असे विचारण्याची सवय त्याच्यात शिल्लक आहे का, हे महत्त्वाचे. आवडत्या कल्पनेलाही हा प्रश्न विचारता आला पाहिजे.

अद्भुतकथेलाही हे लागू आहे. जादू खरी नसते. पण एका प्रकरणात जादूने थकवा येतो असे म्हटले, तर संकटाच्या वेळी नायकालाही थकवा यायला हवा. निसर्गाचे नियम मोडायला लेखकाला मुभा आहे. स्वतः घातलेले नियम मोडायला नाही, आणि हा पहारा संपादकाचा.

यशाची दुसरी बाजू

डेल रे बुक्सवर टीकाही झाली. टॉल्कीन यांच्या कथेशी 'शनारा'चे साम्य फार आहे, असे समीक्षकांनी लगेच म्हटले. एक साचा खपतो असे दिसल्यावर त्याच साच्यातल्या तीन-तीन, पाच-पाच भागांच्या मालिका निघू लागल्या आणि वेगळे लिहिणाऱ्यांना जागा कमी उरली, हा आक्षेपही खोटा नाही. निवड करण्याची सत्ता थोड्यांच्या हाती आली की त्यांची आवड हीच त्या साहित्याची सीमा होऊ लागते. मात्र या यशामुळे विज्ञानकथेचा लेखक लेखनावर जगू शकतो हे प्रकाशकांना पटले, हेही तितकेच खरे.

ऑक्टोबर १९८५ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन जूडी-लिन बेशुद्ध झाल्या आणि २० फेब्रुवारी १९८६ रोजी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी वारल्या. त्याच वर्षी त्यांना सर्वोत्कृष्ट व्यावसायिक संपादकाचा ह्यूगो पुरस्कार जाहीर झाला. हा पुरस्कार वाचकांच्या मतांनी दिला जातो. त्या हयात असताना तो त्यांना कधीच मिळाला नव्हता. लेस्टर यांनी तो नाकारला. केवळ नुकत्याच वारल्या म्हणून दिलेला पुरस्कार जूडी-लिन यांना आवडला नसता, असे त्यांनी कळवले. त्यांच्या मते पुरस्कार कामासाठी हवा होता, सहानुभूती म्हणून नको होता. आयुष्यभर ज्या बाईने सवलत मागितली नाही, तिच्या वतीने दिलेले हे उत्तर आम्हांला कोणत्याही पुरस्कारापेक्षा मोठे वाटते. लेस्टर १९९३ मध्ये वारले. त्यांचे आडनाव आजही पुस्तकांच्या कण्यावर छापले जाते.

वर्गातील संपादक

मराठी विज्ञानकथेच्या वाटचालीतही निवड करणाऱ्यांचा वाटा आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. परीक्षकांनी तिला पहिले बक्षीस दिले आणि मग कळले की हे जयंत नारळीकर आहेत, आद्याक्षरे उलट करून आलेले. नामवंत शास्त्रज्ञाचे नाव पाहून नव्हे, तर समोरचा मजकूर वाचून दिलेले ते बक्षीस होते. चांगल्या संपादकाची कसोटी हीच आहे.

हे काम वर्गात करून पाहता येईल. इयत्ता आठवीपुढच्या विद्यार्थ्यांना दोन-तीन पानांची विज्ञानकथा लिहायला सांगावी. नंतर नावे झाकून कथांची अदलाबदल करावी आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या कथेचा संपादक व्हावे. लाल शाईने चुका काढायच्या नाहीत. फक्त तीन प्रश्नांची उत्तरे लिहायची. पहिला : या कथेत आपल्या जगापेक्षा वेगळी अशी कोणती एक गोष्ट मानली आहे? दुसरा : ती मानली तर आणखी काय काय बदलेल, आणि लेखकाने त्यातले काय विसरले आहे? तिसरा : कोणत्या ठिकाणी वाचताना कंटाळा आला किंवा गोंधळ झाला, आणि का? मग लेखकाने कथा पुन्हा लिहावी.

दुसऱ्या प्रश्नावर सर्वांत जास्त चर्चा होईल. गुरुत्व अर्धे झाले तर माणूस उंच उडी मारेल, हे सर्वांना सुचते. पण वातावरण टिकेल का, पाऊस कसा पडेल, झाडे किती वाढतील, हे विचारणारा विद्यार्थी भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र एकदमच शिकत असतो. गृहीतक मांडायचे, त्याचे परिणाम काढायचे आणि विसंगती आढळली तर मागे जायचे, ही शास्त्रज्ञाची रीत आहे. फॉरवर्ड यांच्या हस्तलिखितावर लेस्टर यांनी आणि 'रिंगवर्ल्ड'वर त्या विद्यार्थ्यांनी हेच केले.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र विज्ञानात सापडत नाही. त्यासाठी दुसऱ्याचे लिहिलेले मन लावून वाचावे लागते आणि जे वाटले ते न दुखावता पण स्पष्ट सांगावे लागते. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना शिक्षक हेच काम रोज करत असतात, आणि त्यांचेही नाव त्या वह्यांवर नसते.